बदकांचे मास्तर

आमच्या मास्तरांनी जन्मात कुणाला शिकवलं नाही. एसटीच्या कंडक्टरला आपल्याकडे मास्तर म्हणतात, तेवढ्यापुरते ते मास्तर. मालवण-कुडाळ रस्त्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांच्या खाकी शर्टांची काकीने फडकी केली, पण मास्तरांच्या अंगातली खाकी काही उतरली नाही. गाडी हातातून गेली म्हणून त्यांनी बदकं पाळली. हे माझं म्हणणं नाही, काकीचं आहे. आणि काकी म्हणजे त्यांची बायको, तेव्हा तिला माहीत असणारच.

मी त्यांची भाडेकरू. मूळची सांगलीकडची. चौक्याच्या अलीकडच्या त्या गावात सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून बदली झाली आणि कुणीतरी सांगितलं, रस्त्याला लागून घर आहे, म्हातारा-म्हातारी दोघंच असतात, खोली देतील. गेले. पडवीच्या खांबाला धरून एक काटकुळे गृहस्थ उभे होते. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "एकटीच?"

"हो."

"सामान?"

"दोन बॅगा आहेत."

"वाटेत ठेवू नकात. लोकांका त्रास होता."

पडवीत त्या वेळी ते, मी आणि भिंतीवरची पाल. लोक कुठले आणि त्रास कुणाला! माणसाचं डोकं जाग्यावर नसावं असं मला वाटलं. पण खोलीत वारा चांगला होता आणि खिडकी मागीलदारी उघडत होती, म्हणून राहिले. राहिले ते बदली होईपर्यंत, आणि अजूनही कणकवलीहून सुट्टीला जाते ती त्यांच्याकडेच.

मागीलदार म्हणजे केवढं, तर दोन रिक्षा उभ्या केल्या तर तिसरीला वळता येणार नाही. त्यात विहीर, कपडे धुवायची फातर म्हणजे दगड, चार केळी, एक माड, आणि मास्तरांनी स्वतः खणून सिमेंट लावलेली टाकी. ह्या एवढ्याशा जागेत त्यांनी अख्खा रस्ता बसवला होता. खुराडं म्हणजे मालवण डेपो. धुवायची फातर म्हणजे चौके. टाकी म्हणजे धामापूर, कारण धामापुरात तलाव. टाकीचं घाण पाणी केळीत सोडायचा पाट म्हणजे नेरूरपार, आणि शेवटचं कुंपण म्हणजे कुडाळ. काकी कपडे धुवायला बसली की मास्तर ओरडत, "चौक्याक गर्दी करू नको गो, गाडी येवची आसा!" आणि काकी हातातला पिळा तसाच धरून म्हणे, "येवंदे तुमची गाडी. धुवन काढतंय."

सकाळी ते बदकं लगेच सोडत नसत. बदकी पहाटे अंडं घालते, आणि घाई केली तर जाऊन केळीच्या बुडात कुठेतरी घालून मोकळी होते. म्हणून ऊन विहिरीच्या कठड्यावर येईपर्यंत मास्तर खुराड्याच्या दारात उभे. गळ्यात कंडक्टरची चामड्याची बॅग, आणि तिच्यात तिकिटांच्या जागी तांदळाची कणी. "अंडा घातल्याशिवाय गाडी सुटाची नाय," असं आतल्या मंडळींना बजावत. खुराड्याच्या छपराला भंगारवाल्याकडून आणलेली जुन्या गाडीची घंटी होती, दोरीसकट. सिंगल बेल म्हणजे असाल तिथे थांबा. डबल बेल म्हणजे घंटी वाजेल तिकडे या. मास्तरांची डबल बेल साधी नसे. पहिली टिंग झाली की मध्ये जरा दम खायचे, आणि मग दुसरी. दुसरीबरोबर दार उघडलं की सगळी स्वारी क्वॅक क्वॅक करत ओळीने बाहेर.

बदकांना हे कळत होतं का? मला विचाराल तर त्यांना कणी कळत होती. पण हे मास्तरांसमोर बोलायची सोय नव्हती.

सात-आठ बदकं होती, आणि प्रत्येकाला हुद्दा होता. एक लंगडा म्हातारा नर होता, तो ज्येष्ठ नागरिक. एक किडकिडीत बदकी होती, ती अर्धं तिकीट. आणि एक ठार आगाऊ होती, डेपोत शिरायच्या वेळी हमखास माडामागे लपायची, तिचं नाव विदाउट. मास्तरांचा जीव विदाउटवर. रोज संध्याकाळी तिच्या मागे हातात काठी घेऊन फिरायचे आणि तिला म्हणायचे, "तुका आज उतरवतंयच!" उतरवली कधीच नाही. नाताळच्या आधी वाडीतली एक ख्रिश्चन मावशी केकसाठी अंडी न्यायला आली की दरवर्षी विचारायची, "मास्तर, एक बदक दी मरे, जावय येवचो आसा." मास्तर शांतपणे सांगायचे, "आरक्षण फुल्ल आसा."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: उतरणाऱ्यांका आदी उतरूक देवा. हे ते कुठेही वापरत. लग्नात जेवणाच्या पंगतीला झुंबड उडाली की उठणाऱ्यांसाठी हे वाक्य. माझ्या दवाखान्यात लसीकरणाच्या दिवशी दारात बायका-पोरांची चेंगराचेंगरी व्हायची, तेव्हा मीच त्यांना बोलावून घ्यायची. मास्तर दारात उभे राहून एकदाच म्हणायचे, "उतरणाऱ्यांका आदी उतरूक देवा. फुडे सरका, फुडे जागा आसा." आणि खरं सांगते, जागा व्हायची! मी घसा फोडून ओरडले तर कुणी हलायचं नाही.

मास्तर बसत नसत, हे मात्र माझ्या लक्षात यायला वेळ लागला. चहा उभ्याने, पेपर उभ्याने, गप्पा उभ्याने. जेवायला तेवढे पाटावर टेकत, तेही पुढच्या थांब्याला उतरायचं असल्यासारखे. मी काकीला म्हटलं, मास्तरांना गुडघ्याचा त्रास आहे का? तर तिने हसून लग्नानंतरची गोष्ट सांगितली. नवी नवरी होती, माहेरी निघाली होती, आणि नेमकी मास्तरांचीच गाडी आली. ही हरखून चढली. खिडकीजवळ बसली, बाजूची जागा राखून ठेवली. मास्तर आले, आणि सगळ्या गाडीसमोर स्वतःच्या बायकोला म्हणाले, "खंय जातलास?"

"कोणाकोणाक तिकीट फाडल्यानी, तसा माका पण फाडल्यानी," काकी म्हणाली. "बाजूची जागा कोणा म्हातारेक दिल्यानी. वर माकाच सांगतत, जरा आत सरका."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करतलंय? सरकलंय."

त्यानंतर ती त्यांच्या गाडीत बसली नाही. एकटीच जायची, एकटीच यायची. मास्तरांना पास होता, बायकोलाही होता, पण दोघं मिळून कुठे गेले म्हणाल तर नाव नको.

काकीची थोरली बहीण शिरोड्याला असते. तिला सगळे बाय म्हणतात. कधीमधी मास्तरांना शिरोड्याच्या गाडीवर ड्यूटी लागे, तेव्हा गाडी थांबलेली असताना ते तिच्या दारात जाऊन उभ्या उभ्या पाणी पिऊन येत. तेवढीच ओळख. बाय फोनवर काकीला म्हणायची, "तुझो घोव माका उभोच ठावक आसा गो. लग्नातसुद्धा अंतरपाटामागे उभोच होतो." ह्यावर दोघी बहिणी पोट धरून हसायच्या. मी खोलीत बसून ऐकत असे.

मग एक दिवस हसू आलं नाही. बायची नजर जात चालली होती. काचबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आहे तेवढी टिकवू, गेलेली येणार नाही. बाय फोनवर म्हणाली, "दिसता तवसर एकदा दोघा येवा. तुझ्या घोवाक बसललो बगून घेतंय."

काकीने फोन ठेवला आणि मागीलदारी जाऊन मास्तरांना सांगितलं. मी खिडकीतून बघत होते. मास्तर टाकी घासत होते. घासायचं थांबले, आणि म्हणाले, "जावक होया. पण बदकांका कोण बगतलो?"

काकी वळून घरात आली. आठवडाभराने पुन्हा विचारलं. पुन्हा बदकं. संध्याकाळी कोंडली नाहीत तर मुंगूस येतं, कोल्हा येतो, विदाउट दुसऱ्या कुणाला ऐकत नाही. माझं डोकं फिरलं. एका बाईची नजर चालली आहे, दुसरी रोज आशेने तोंडाकडे बघते आहे, आणि हे बाबा बदकांची कौतुकं सांगतायत! मी सरळ मागीलदारी गेले.

"मास्तर, बदकं मी बघते."

"तुमका दवाखानो आसा."

"रविवारी नाही. शनिवारी निघा, रविवारी संध्याकाळी या. अजून काय अडचण आहे?"

मास्तर माझ्याकडे बघत राहिले. तोंडाचा रंग उतरला. टाकीत बादली बुडवली आणि केळीला पाणी घालायला गेले. त्या केळी आधीच पाण्यात उभ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी ते दवाखान्यात आले. रांग संपेपर्यंत उभे राहिले. मग इकडचं तिकडचं बोलून हळूच म्हणाले, "सिस्टर, गाडी लागता, तेची गोळी आसा?"

"कुणाला लागते?"

"पावण्याक."

"पाहुणा कुठे आहे?"

मास्तरांनी मागे वळून दार लोटलं. "सिस्टर, हसू नकात. माका लागता."

आता मला सांगा, हसू नको तर काय करू? आख्खी नोकरी ज्याने धामापूरच्या वळणांवर काढली, त्याला गाडी लागते! पण त्यांचं तोंड बघितलं आणि हसू आवरलं. उभ्याने काही होत नाही म्हणाले. रस्ता समोर दिसतो, हात दांडीला असतो, डोकं तिकिटांत असतं. पण सीटवर बसलं की पोटात ढवळायला लागतं. लग्नाची वरात जीपमधून आली तेव्हा पहिल्यांदा झालं, त्यानंतर गाडीत बसले म्हणून नाहीत. "कंडक्टराक गाडी लागता म्हटल्यार लोक काय म्हणतले? आणि हिका कायएक सांगू नकात. जल्मभर लपवन ठेवलंय."

मी गोळी दिली. निघायच्या आधी अर्धा तास घ्या म्हटलं. त्यांनी ती शर्टाच्या खिशात ठेवली नाही, काकी खिसे तपासते म्हणून. कणीच्या बॅगेत टाकली.

त्याच संध्याकाळी काकी माझ्या खोलीत आली आणि म्हणाली, "सिस्टर, गोळी दिल्यात मा?"

मी म्हटलं, कसली गोळी?

"अगो, जीपीत ओकलेले ते माझ्याच शालवार. माका ठावक नसतला? तेंका वाटता माका ठावक नाय, म्हणान मी पण गप. उभे ऱ्हवले तरी चलात माका. येवंदेत फक्त." आणि डोळे पुसून गेली. इतकी वर्षं एका घरात राहून दोघंही एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होती, आणि मधल्या मध्ये माझी टपालपेटी झाली होती. राग यायला हवा होता. आला नाही, भरून आलं.

मग माझं प्रशिक्षण सुरू झालं. मास्तर माझ्या मागे उभे, मी दोरीला. टिंगटिंग. बदकं ढिम्म.

"सिस्टर, ह्या इंजेक्शन न्हय, टोचलंय आणि झाला. दम धरा मधी."

टिंग. टिंग.

ज्येष्ठ नागरिकाने मान वर केली, मला बघितलं आणि पुन्हा चिखलात चोच घातली. मास्तर म्हणाले, होईल सवय. पण बॅग काही माझ्या हातात दिली नाही. कणी ओंजळीतून दिली.

शनिवारी सकाळी दोघं रस्त्यावर उभी. काकीने ठेवणीतलं पातळ नेसलं होतं, केसांत अबोली. हातात बायसाठी अंडी, तुसात नीट बसवलेली. मास्तर इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, आणि त्यावर गळ्यात ती चामड्याची बॅग. "ती कित्याक?" काकीने विचारलं. "सवय," मास्तर म्हणाले. मला माहीत होतं, गोळी आत होती. मी डोळ्याने खुणावलं, घेतली का? त्यांनी मान हलवली, घेतंय घेतंय.

तेवढ्यात गाडी आली. वेळेच्या आधी आली, नको तेव्हा येते तशी. काकी चढली, खिडकीजवळ बसली. मास्तर चढले आणि सवयीने दारातच दांडीला धरून उभे राहिले. कंडक्टर तरुण होता, मास्तरांच्या हाताखाली शिकलेला. आदराने घंटीची दोरी पुढे करून म्हणाला, "मास्तर, आज डबल तुमी मारा."

मास्तरांचा चेहरा असा फुलला! दोरी हातात घेतली. टिंग. दम खाल्ला. टिंग.

गाडी निघाली. आणि मागीलदारी एकच गलका झाला.

रोज त्या रस्त्यावरून इतक्या गाड्या जातात, सगळ्यांची डबल बेल वाजते, आमची बदकं ढुंकून बघत नाहीत. पण हात ओळखीचा होता. सगळी फौज घराच्या बाजूने, बेड्याच्या, म्हणजे फाटकाच्या, बांबूंखालून, पंख फडफडवत रस्त्यावर आली आणि गाडीच्या मागे धावत सुटली. पुढे विदाउट, सगळ्यांत मागे लंगडत ज्येष्ठ नागरिक. मी ओरडत त्यांच्या मागे. आत मास्तरांनी बघितलं आणि काही कळायच्या आत सिंगल बेल मारली. गाडी थांबली. बदकं दाराशी येऊन उभी राहिली, वर बघत. विदाउटने पायरीवर उडी मारायचा प्रयत्न केला, आणि जमलं नाही म्हणून ड्रायव्हरच्या नावाने ओरडली.

सगळी गाडी खिडक्यांतून बाहेर. "मास्तर, सगळ्यांची तिकिटा फाडा!" ड्रायव्हर ओरडला. लोक हसून बेजार.

काकी हसत नव्हती. तिने अंड्यांची पिशवी उचलून हातात घेतली आणि सीटवरून अर्धवट उठली. तिला वाटलं, झालं, संपली यात्रा. मलाही तेच वाटलं. मास्तर खाली उतरले होते. बदकांनी त्यांना वेढलं होतं. त्यांनी एकदा बदकांकडे बघितलं, एकदा वर खिडकीकडे. काकीने नजर दुसरीकडे वळवली. तेवढं मात्र मला बघवलं नाही.

मास्तर चालत बेड्याकडे आले. बदकं मागे ओळीने. सगळ्यांना आत घेतलं, बेड्याखाली फळी सरकवली. मग गळ्यातली बॅग काढली आणि माझ्या गळ्यात घातली.

"सिस्टर, गाडी तुमची," म्हणाले, आणि गेले.

कंडक्टरने पुन्हा दोरी पुढे केली. मास्तर म्हणाले, "नको रे. तू मार. माझी सीट आसा थय." आणि आत जाऊन काकीच्या बाजूला बसले. बसले! काकीची पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली. घंटी वाजली आणि गाडी वळणावरून गेली.

त्या संध्याकाळी मी खुराड्यासमोर उभी. टिंग, दम, टिंग. कुणी हलेना. दिवस मावळत आला. सिंगल, डबल, सगळं झालं. शेवटी वैतागून मास्तरांच्या आवाजात ओरडले, "फुडे सरका! फुडे जागा आसा!" आणि मेली सगळी निमूट आत शिरली. विदाउटसुद्धा. मी खूश होऊन कणी टाकायला बॅगेत हात घातला, तर कणीत काहीतरी टोचलं. काढून बघते तर गोळी. कागदाच्या पाकिटात, जशीच्या तशी. मी कपाळावर हात मारला.

रविवारी संध्याकाळी दोघं आली. मास्तर पांढरेफटक पडले होते. पडवी न चढता तडक मागीलदारी गेले आणि विदाउटला शिव्या घालायला लागले, म्हणजे ठीक होते. काकी मात्र फातरीवर पातळ धुवायला बसली. मी जवळ गेले.

"बाय भेटली?"

"भेटली. खुर्चीर बसवल्यान तेंका. तोंडाकडे तोंड नेऊन बगल्यान. बरो दिसता म्हणाली बसललो."

"आणि प्रवास?"

"खंयचो प्रवास गो!" काकी पातळ आपटत म्हणाली. "चौक्यापासना सुरू झाले ते कुडाळपर्यंत. कंडक्टरान दिलेल्यो पिशव्यो सोपल्यो. मगे माझो पदर. सगळी गाडी आमच्याकडे बगी. तो कंडक्टर दोनदा येवन म्हणालो, मास्तर, दारात येवन उभे ऱ्हवा, बरा वाटात. मी पण म्हटलंय, जावा अवो, मी कायएक म्हणूचंय नाय."

ती थांबली. हातातला पिळा तसाच राहिला. समोर मास्तर काठी घेऊन माडाभोवती फिरत होते.

"पण एकदासुद्धा उठूक नायत," काकी म्हणाली.